काळ्या आयटीआय फोनला दुसरा कान जोडायचाय, वायर कुठून काढू?

नौपाडाकर
आमच्याकडे आयटीआय बंगलोरचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) काळा बेकेलाइटचा, तबकडीवाला फोन आहे. उचलला की हात भरून येतो असा. लँडलाइन अजून आहे. ताई नाशिकहून रविवारी त्यावरच फोन करते, कारण बाबांना मोबाइल कानाला लावून बोलायला आवडत नाही. रिसीव्हर बाबांच्या हातात आणि आई शेजारी खुर्ची ओढून बसलेली. दर दोन वाक्यांनी "काय म्हणाली? काय म्हणाली?" बाबा चिडतात, ताईला अर्धी वाक्यं पुन्हा म्हणावी लागतात. स्पीकरवाला फोन घ्या म्हटलं तर बाबा म्हणतात, खालच्या मजल्यावरच्यांना कशाला ऐकवायचं?

माळ्यावर असाच आणखी एक बंद पडलेला फोन आहे. त्याचा रिसीव्हर या फोनला जोडून आईच्या हातात देता येईल का? तिला फक्त ऐकायचंय. सरळ लाइनच्या दोन तारांना जोडला तर चालेल? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, बाकी शून्य.

नेरूळचे_काका
चालणार नाही. लाइनला तर मुळीच जोडू नका.

मी टेलिफोनच्या नोकरीत केस पांढरे केले, त्यामुळे कारण सांगितल्याशिवाय सोडणार नाही. फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण ५० व्होल्ट डीसी असतात. ऐकण्याची कॅप्सूल म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तार. ती थेट लाइनला लावली की तिच्यातून करंट वाहणार आणि एक्स्चेंजला वाटणार, तुम्ही फोन उचललाय. मग ताईला कायम एंगेज. त्यात घंटीचा एसी ७५ व्होल्टच्या आसपास येतो, तो आईच्या कानात नको.

दुसरा कान पहिल्या कानाच्याच दोन टोकांना लावायचा. म्हणजे तो हूकच्या (रिसीव्हर ठेवला की दबणारा खटका) आणि इंडक्शन कॉइलच्या (फोनच्या आतला छोटा ट्रान्सफॉर्मर) पलीकडे जातो. फोन ठेवला की आपोआप मुका. शिवाय नंबर फिरवताना तबकडीतले काँटॅक्ट कॅप्सूल शॉर्ट करून ठेवतात, म्हणून सेकंदाला दहा ठोक्यांचा खडखडाट कानाला ऐकू येत नाही. त्याच टोकांवर जोडलात तर आईच्या कानालाही ती सोय फुकटात मिळते.

टोकं अशी शोधा. आधी लाइन काढून ठेवा. चालू फोनच्या कानाकडचं झाकण फिरवून उघडा. कॅप्सूलच्या दोन टोकांना मल्टिमीटर ओहमवर लावला की आत बारीक 'टक्' होतं. कॅप्सूल जिवंत असल्याची खूण तीच. तिथून कॉर्डच्या तारा खाली डब्यात कुठल्या स्क्रूवर येतात ते कंटिन्युइटीने पाहा. कॉर्ड तीन तारांची असेल तर एक तार बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या कॅप्सूलला सामाईक असते, तिथे गोंधळू नका. ते दोन स्क्रू सापडले की माळ्यावरच्या हँडसेटच्या ऐकण्याच्या दोन तारा त्यांनाच लावा. सोल्डरिंगचीही गरज नाही, स्क्रूखाली आकडे करून दाबा. त्या हँडसेटमधली बोलण्याची कॅप्सूल मात्र काढून टाका.

फ्रान्समध्ये ही चाल सर्रास होती. त्यांच्या एस-६३ फोनच्या पाठीला असा एक सुटा कान लटकवलेला दिसतो.

ऐरोली_सोल्डर
काकांनी पॅरलल सांगितलंय, म्हणजे दोन्ही कान त्याच दोन टोकांना; पण सिरीजमध्ये, एकामागे एक, का नको? आणि आवाज निम्मा नाही का होणार?

माझ्याकडे मोबाइलच्या हेडफोनचा एक इयरबड पडलाय, ३२ ओहमचा. बेकेलाइटचं धूड हातात धरण्यापेक्षा तो बरा वाटतो.

नेरूळचे_काका
आवाज कमी होणार, हे खरं. दोन्ही कॅप्सूल सारख्या असतील तर ढोबळ हिशेब असा: सर्किट एका कॅप्सूलला जुळलेलं धरलं, तर दुसरी लावल्यावर प्रत्येकीला आधीच्या ४/९ शक्ती मिळते, म्हणजे साधारण साडेतीन डेसिबल कमी. गंमत म्हणजे सिरीज केलंत तरी उत्तर तेच. तेव्हा निवड आवाजावर नाही, सोयीवर करायची. सिरीजमध्ये आईच्या हँडसेटची तार तुटली की बाबांचाही फोन बंद. पॅरललमध्ये दुसरा काढला की पहिला पूर्ववत. मी पॅरललच लावीन.

इयरबड नको. कॅप्सूलपेक्षा त्याचे ओहम कमी भरले तर तो बहुतेक करंट स्वतःकडे ओढेल आणि बाबांच्या कानाला उरलंसुरलं. उलट जुन्या रेडिओ किटचा २००० ओहमचा हेडफोन असेल तर बाबांना फरकही जाणवणार नाही, पण आईला मात्र हळू ऐकू येईल. माळ्यावरची कॅप्सूल जुळ्या बहिणीसारखी आहे, तीच लावा.

आणि आवाज कमी वाटला तर आधी एक करून बघा. ताई बोलत असताना बाबांनी बोलण्याच्या बाजूवर तळहात ठेवायचा. कार्बनची कॅप्सूल खोलीतला पंखा, खालच्या रिक्षा, सगळं उचलते आणि त्यातलं थोडं आपल्याच कानात परत येतं. हात ठेवला की ते थांबतं. अर्धं "ऐकू येत नाही" तिथेच मिटतं. माळ्यावरच्या हँडसेटमधली ती कॅप्सूल काढा म्हटलं ते मात्र वेगळ्या कारणाने: आईच्या हातात काही बोलायला नकोच आहे, आणि सुटी तार चुकून कुठे लागायला नको.

पाचपाखाडीची_मृणाल
काकू कानाचं मशीन लावतात का? लावत असतील आणि त्याला 'टी' सेटिंग असेल तर ते वापरून पाहा. जुन्या रिसीव्हरमधून चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपतं, 'टी'वर मशीन ते थेट पकडतं. रिसीव्हर मशीनला दाबला की येणारी शिट्टी बंद होते आणि बाहेरचा आवाजही जातो. माझ्या सासूबाईंना यानेच फरक पडला. रिसीव्हर कानाच्या भोकावर नाही, मशीनच्या जवळ धरायचा, हे मात्र शिकवावं लागतं.

आणखी एक: ताईला सांगून ठेवा की आता दोघं ऐकतात. आमच्याकडे हे न सांगता झालं होतं. पुढचे चार दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

नौपाडाकर
काका, मृणालताई, आभार! आई एका कानाला मशीन लावते, 'टी' आहे का बघतो. ताईला सांगितलं, ती म्हणाली, "मग आईची निंदा आता व्हॉट्सअ‍ॅपवर करावी लागेल."

बिल्डिंगमध्ये फायबर येतंय. लाइन फायबरवाल्यांच्या डब्यावर गेली तर हे सगळं चालेल?

ऐरोली_सोल्डर
कानाला काही फरक नाही, तो फोनच्या आतच आहे. तबकडी मात्र बऱ्याच डब्यांना कळत नाही, त्यांना बटणांचा टोन लागतो. फोन घेता येईल, लावता येईलच असं नाही. घंटीही मलूल वाजू शकते, लाइन डब्यावर नेण्याआधी फायबर बसवणाऱ्या माणसाकडून वाजवून घ्या. आणि कॅप्सूलच्या टोकांवर दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट लावून टाका. बोलणं तसंच राहतं, अचानक आलेला मोठा खटका तेवढा दबतो. पॅरललमध्ये एकच जोडी दोन्ही कानांना पुरते.

नेरूळचे_काका
डायोडची सूचना चांगली आहे, लावा.

आईचा हँडसेट ठेवायला हूक लागत नाही. भिंतीला खिळा मारा आणि अडकवा. तो टेबलावर पडून राहिला तरी लाइन एंगेज होत नाही. बाबांचा नीट ठेवला की झालं.