डूबा डूबा ऐकलेल्यांनो, इकडे या (सिल्क रूटची पहिली कॅसेट आणि आपण)

सांजवेळ:
काल लेक गिटारच्या क्लासवरून आली आणि सोफ्यावर पाय पसरून काहीतरी छेडत बसली. मी पोळ्या लाटत होते. चारच सूर कानावर पडले आणि लाटणं थांबलं. "डूबा डूबा" गं! म्हटलं, हे तुला कुठे मिळालं? तर म्हणे, "सरांनी दिलंय, सोपे कॉर्ड्स आहेत. आई, हा मसक्कलीवालाच ना?"

मसक्कलीवाला! मसक्कली २००९ ची. त्याच्या दहा वर्षं आधीपासून हा माणूस, मोहित चौहान, आमच्या साताऱ्याच्या घरात, टेपमध्ये राहायला होता.

त्याच्या सिल्क रूट या बँडचा पहिला अल्बम "बूँदें", १९९९. मी बारावीत. दादाने पुण्याहून येताना कॅसेट आणली. बाबा नाट्यगीतांचे भक्त. त्यांनी अर्धं गाणं ऐकलं आणि विचारलं, "हा मुलगा जागा आहे ना?" चौथ्या दिवशी तेच बाबा दाढी करताना मधली बासरी गुणगुणत होते. मी पकडलं, तर म्हणाले, चाल बरी आहे, गाणाऱ्याला झोप पुरवा.

आणि खरं सांगते, पहिले दोन महिने मी ते एकच गाणं ऐकलं. रिवाइंड दाबून मनात अकरापर्यंत मोजायचं, बरोब्बर सुरुवातीला यायचं. मग रिवाइंडचं बटण तुटलं. फॉरवर्ड आधीच गेलेलं. म्हणजे कॅसेट उलटून बी साइड शेवटपर्यंत वाजवल्याशिवाय गाणं परत येईना! अशी मी बी साइड ऐकली, सुरुवातीला नाइलाजाने. पुढे पुढे त्या बाजूसाठीच कॅसेट लावायला लागले.

तुम्ही कशी ऐकलीत? इंडीपॉपच्या, म्हणजे तेव्हाच्या बिनसिनेमाच्या पॉप गाण्यांच्या, दुसऱ्या कुणाची पहिली कॅसेट असेल तर तीही चालेल.

कट्टेकरी:
१९९८. बूँदें १९९८ चा आहे. दुसरा अल्बम "पहचान" २००० चा. बाकी लेख झकास.

सांजवेळ:
हो का! मग आमच्या घरी वर्षभर उशिरा पोचला. साताराच तो.

डब्बाबाटली:
अकरा मोजायचं!!! आमच्या टेपवर सात होते. मोटर जोरात असणार आमची.

निवांत_काका:
ती बासरी नव्हे बरं का, रेकॉर्डर. उभा धरून वाजवतात तो, फिकट रंगाचा, इंग्रजी शाळेत पोरांना शिकवतात तसला. केम त्रिवेदी वाजवायचे. म्हणून तो आवाज आपल्या बासरीसारखा दाटत नाही, जरा शिट्टीच्या जवळ जातो. मी तेव्हा ढोलकी वाजवायचो आणि या पोरांवर जाम जळायचो. कारण कळायचं नाही की एवढं कमी वाजवून हे लोक गाणं उभं कसं करतात. आम्ही जागा दिसली की भरायचो.

रिकामटेकडी:
मी हे गाणं कित्येक वर्षं लकी अलीचं समजत होते. सायबर कॅफेतून सीडी भरून आणली होती, तिच्यावर नावच तसं होतं. नवऱ्याशी पैज हरले. लग्नाला दोन महिने झाले होते, पहिलं भांडण तेच.

कट्टेकरी:
@रिकामटेकडी तुम्ही एकट्या नाही. त्या एमपीथ्रीच्या काळात जे काही गिटारवर, हळू आणि जरा नाकात, ते सगळं लकी अलीच्या खात्यावर जमा व्हायचं. बिचाऱ्या बँडला श्रेय नाही आणि लकी अलीला फुकटचं एक गाणं.

रिकामटेकडी:
पैज काय होती ते विचारू नका. अजून फेडतेय.

पाऊसवेडा:
लोकलमधून लिहितोय, चुका पोटात घाला. आमच्या कॉलेजात दोन पक्ष होते. युफोरिया आणि सिल्क रूट. युफोरियाचा "धूम" पण १९९८ चाच. गॅदरिंगला धूम पिचक धूम लावलं की मागची बाकंसुद्धा नाचायची. मी धूमवाल्यांत होतो, उघडपणे. रात्री खोलीवर हेडफोन लावून बूँदें. रूममेटला कळू नये म्हणून कॅसेट गणिताच्या जर्नलमध्ये ठेवायचो. एकदा जर्नल तपासायला गेलं कॅसेटसकट. सरांनी परत दिलं तेव्हा लाल पेनाने शेरा, "कृती अपूर्ण". कॅसेट मात्र परत आली नाही.
दादर आलं. उतरतो.

डब्बाबाटली:
सर अजून ऐकत असणार :))

मोरपंखी:
मी वेगळं सांगते. मला तो अल्बम तेव्हा अजिबात आवडला नव्हता. सगळी गाणी एकाच सुरात, एकाच चालीने जातात असं वाटायचं. मैत्रिणी डोळे मिटून ऐकायच्या आणि मी घड्याळ बघायचे. २००७ साली रिक्षात "जब वी मेट"मधलं "तुम से ही" लागलं. आवाज ओळखीचा वाटला पण जागा सापडेना. घरी गेल्यावर भांडी घासताना एकदम सापडली. मग जुना अल्बम शोधून ऐकला. तेव्हा कळलं की तो आवाज पहिल्यापासून तसाच आहे, कसलीही घाई नसलेला. घाई मला होती. तरी दोन गाणी अजूनही कंटाळवाणीच वाटतात, माफ करा.

निवांत_काका:
माफ नाही. कोणती दोन?

मोरपंखी:
सांगितलं तर धागा बंद पडेल काका.

अर्धवटराव:
एक शंका. याला इंडी म्हणायचं का? इंडीपॉपमधलं इंडी म्हणजे इंडियन. स्वतंत्रपणे काम करणारे बँड ते वेगळे इंडी.

कट्टेकरी:
बरोबर आहे. पण तेव्हा आपल्याकडे पॉप म्हणजे बहुतेक एक गायक आणि त्याच्या मागे नाचणारी माणसं. इथे चौघं जण, आपापली वाद्यं घेऊन, मोहित चौहान, अतुल मित्तल, केम त्रिवेदी, केनी पुरी. सिनेमा नाही, हिरो नाही. तेवढंच खूप स्वतंत्र वाटायचं. डूबा डूबाचे शब्द प्रसून जोशींचे, हे कितीजणांना माहीत आहे? तारे ज़मीं परच्या कितीतरी आधी.

रिकामटेकडी:
हे माहीत नव्हतं! नवऱ्याला विचारते आत्ताच. पैज लावूनच विचारते.

चहाचाकप:
आर्यन्सच्या व्हिडिओतला शाहिद कपूर आठवतोय का कुणाला? मला बँड आठवत नाही, तोच आठवतो. विषयांतर झालं, सॉरी. कुकर लावलाय, पळते.

डब्बाबाटली:
व्हिवा आणि आस्मा पण घ्या मग. चॅनल व्हीच्या स्पर्धेतून निवडलेले. तिथपर्यंत आलो आणि मला वाटतं तिथेच मजा संपली. आधी पोरं जमायची, मग बँड व्हायचा. नंतर बँड आधी ठरायचा आणि पोरं मागून.

पाऊसवेडा:
घरी पोचलो. माळ्यावर एक पिशवीभर कॅसेट आहेत, त्यात काहींवर पांढरं काहीतरी आलंय. लावाव्या का?

निवांत_काका:
लावू नका!! ती बुरशी. तशीच लावलीत तर टेप वाचणाऱ्या हेडला लागेल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही पोचेल. आधी ऊन नसलेल्या कोरड्या जागी काही दिवस ठेवा. मग पेन्सिल घालून हाताने फिरवत मऊ सुक्या कापडातून टेप काढा, तोंडाला फडकं बांधून. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आणि टेप तुटली असेल तर घरातला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पाझरतो, शेजारचा वेढा चिकटून बसतो. कॅसेट जोडायची वेगळी पट्टी मिळते. आत तो छोटा स्पंजाचा तुकडा असतो ना, टेप हेडवर दाबणारा, तो गळून पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. बाकी सगळं ठीक असतं, लोक उगाच कॅसेट फेकतात.

पाऊसवेडा:
काका तुम्ही देव आहात.

सांजवेळ:
एवढे प्रतिसाद! स्वयंपाक करून येते म्हटलं तर इथे अख्खं गॅदरिंग. निवांतकाका, रेकॉर्डरचं लेकीला सांगितलं, ती आता तोही मागतेय. आभार मानू की भांडू?

दादाला फोन केला, कॅसेट कुठे म्हणून. तो म्हणे तूच सासरी नेलीस, मी आईकडे तक्रार केली होती. मी म्हटलं मी नाही. मग आईने कपाट उघडून बघितलं तर बूँदेंची डबी तिथेच, खालच्या खणात! आनंदाने उघडली तर आत बाबांची नाट्यगीतं.

मोरपंखी:
अगं मग नाट्यगीतांच्या डबीत बघायला सांग ना!

सांजवेळ:
आई झोपली आता. सकाळी सांगते.