‘कॉल ऑफ’ने केला घात! फ्रेझल व्हर्ब तुम्ही लोक लक्षात कसे ठेवता?

सोलापुरी_चादर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. मी पुण्यात एका कंपनीत आहे, क्लायंट लंडनचा. मागच्या आठवड्यात त्यांचा मेल आला की गुरुवारची मीटिंग ‘वी आर कॉलिंग इट ऑफ’. मला ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे हे पाठ होतं, म्हटलं हेही त्याचंच भावंड असणार, वर त्यात ‘कॉल’ आहे म्हणजे नंतर कॉल करू असंच असेल. मी लगेच टीमला कळवलं की मीटिंग सोमवारी. सोमवारी आम्ही सहा जण स्क्रीनवर एकमेकांची तोंडं बघत बसलो, पलीकडून कोणीच येईना. मग एकाने मेल पुन्हा वाचला आणि म्हणाला अगं रद्द केलीय त्यांनी.

तर आता ठरवलंय शिकायचंच. ५०० फ्रेझल व्हर्बची (म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, आउट असं शेपूट लागून अर्थच बदलतो ती) यादी डाउनलोड केली, रोज २० पाठ करते, तिसऱ्या दिवशी पहिले २० गायब. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अवे... डोक्याची मंडई झालीय. आणि मी मेलमध्ये पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट असलं लिहिते तर टीम लीड म्हणतो तहसील ऑफिसातून पत्र आल्यासारखं वाटतं. मराठी मीडियमवाल्यांनी हे जमवलं कसं, तेवढं सांगा.

चहाबिस्किट

ताई पहिली ती यादी डिलीट करा. मी पण केलंय हे, काही होत नाही, कारण यादीत सगळी भावंडं शेजारी शेजारी बसवलेली असतात आणि तिथेच घोळ होतो. मी उलटं केलं, माझाच दिवस घेतला आणि त्यातली वाक्यं बनवली. वेक अप, गेट अप, पुट ऑन, टेक ऑफ. हे दोन वेगळे आहेत बरं का, वेक अप म्हणजे जाग येणं आणि गेट अप म्हणजे अंथरुणातून उठणं, माझ्याकडे दोन्हीत पाऊण तास असतो 😄

आणि ‘ऑफ’ने तुम्हालाच नाही सगळ्यांनाच फसवलंय. अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे बंद होत नाही, वाजतो! लाईट ‘वेंट ऑफ’ म्हणजे मात्र गेली. बॉम्ब ‘वेंट ऑफ’ म्हणजे फुटला. ब्रिटिश लोक दूध नासलं तरी ‘इट हॅज गॉन ऑफ’च म्हणतात. मी एकच वाक्य पाठ केलं, ‘द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ’. गजर वाजला म्हणून मी तो बंद केला. दोन ऑफ, दोन्ही उलटे, एका वाक्यात. हे जे डोक्यात बसलं ते आजतागायत हललं नाही.

रिटायर्ड_मास्तर

चहाबिस्किट यांचं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. आपण मराठी माणसं या प्रकाराला उगाच घाबरतो, आपल्याकडे हेच सगळं आहे फक्त वेगळ्या जागी आहे. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही टाकतो का? ‘सही करून बसलो’ म्हणणारा उभा असला तरी बसलेलाच असतो. ‘पटकन बोलून गेला’ म्हणजे बोलून कुठे गेला? टाकणे, बसणे, जाणे या क्रियापदांचा मूळ अर्थ तिथे विरघळतो आणि वेगळीच छटा राहते. टाकलं म्हणजे काम उरकलं, बसलो म्हणजे पस्तावलो, गेला म्हणजे नकळत झालं. इंग्रजीत ही छटा त्या शेपटाकडे असते. ‘ईट इट अप’ मधलं अप वर जात नाही, ते आपलं ‘टाक’ आहे. ईट अप, यूज अप, फिनिश अप, तिन्हीकडे ‘टाक’ लावून बघा.

तुमच्या टीम लीडचं म्हणणं पण असं समजून घ्या. पोस्टपोन, टॉलरेट हे मूळचे लॅटिनमधले शब्द, म्हणून त्यांना संस्कृत शब्दांसारखं वजन आहे. आपण घरी ‘लग्न स्थगित केलं’ म्हणत नाही, ‘पुढे ढकललं’ म्हणतो. पुट ऑफ म्हणजे ढकलणे, पोस्टपोन म्हणजे स्थगित. टॉलरेट म्हणजे सहन करणे, पुट अप विथ म्हणजे खपवून घेणे. चूक कुठलंच नाही, जागा वेगळी. आणि इंग्रजांनाही हे माहीत होतं, सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली डिक्शनरी काढली तिच्या प्रस्तावनेतच त्याने कबूल केलंय की क्रियापदाला असं शेपूट जोडायची आमची पद्धत परक्यांना सगळ्यात जड जाते. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीपासून लोक रडतायत, तुम्ही एकट्या नाही.

एक नियम मात्र पाठच करा. इट, हिम, देम असं सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं. टर्न इट ऑफ, पिक हिम अप. ‘टर्न ऑफ इट’ कानाला खुपलं पाहिजे. पूर्ण नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, टर्न ऑफ द फॅन किंवा टर्न द फॅन ऑफ. पण लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इन्टू यांच्या मध्ये कोणालाच शिरता येत नाही, लुक आफ्टर हिम असंच.

कट्ट्यावरचा_पक्या

मास्तर ते ‘अप म्हणजे टाक’ सगळीकडे नाही हो चालत. शो अप म्हणजे उगवणे, थ्रो अप म्हणजे ओकणे, मेक अप तर विचारूच नका, भांडण मिटवलं तरी मेक अप आणि थाप मारली तरी मेक अप. असे फॉर्म्युले घेऊन बसलो तर पाच वाक्यांनी गाडी घसरते.

रिटायर्ड_मास्तर

पक्या, मान्य. दार उघडायची ती किल्ली आहे, घरभर फिरायला नाही. पण हाच जाच आपल्या भाषेचाही आहे बरं. फॉर्म भरला, टाकी भरली, शाळा भरली, ताप भरला, दम भरला, आभाळ भरून आलं. एखादा परदेशी माणूस मराठी शिकताना ‘भरणे’ची यादी पाठ करत असेल तर त्याचं काय होत असेल विचार कर.

लीड्सचा_पाऊस

मास्तरांच्या ‘भरणे’वरूनच आठवलं. आपण मराठीतून ‘फॉर्म भरला’ म्हणून सर्रास ‘फिल अप द फॉर्म’ म्हणतो. इकडे इंग्लंडात फॉर्म फिल इन करतात, अमेरिकेत फिल आउट, आणि फिल अप केली जाते ती पेट्रोलची टाकी. तसंच ‘कोप अप विथ’, तो अप आपण भारतात घरून घालतो, नुसतं कोप विथ आहे ते.

माझा खरा पोपट झाला तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. जेवायला बसलो होतो, कोणीतरी विचारलं कॉलेज कधी संपलं, मी ऐटीत म्हटलं ‘आय पास्ड आउट इन टू थाउजंड नाइन’. समोरची बाई घास थांबवून म्हणाली अरेरे, आता बरा आहेस ना. इकडे पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणे. आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड ऐकत मोठे झालो, सैन्याच्या बाबतीत ते इकडेही चालतं, पण कॉलेजातून आपण ग्रॅज्युएट होतो.

सोलापुरी ताई, माझं मत थोडं वेगळं आहे, समजायला सगळे आले पाहिजेत पण बोलायला ३०-४० पुरतात. गेट बॅक टू, फाइंड आउट, सॉर्ट आउट, फॉलो अप, कॅच अप, रन आउट ऑफ, एवढ्यावर ऑफिसचा निम्मा दिवस निघतो. बाकीच्या ठिकाणी तुमचं पोस्टपोन खुशाल वापरा, लंडनवाल्याला काही वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

चहाबिस्किट

आणि कितीतरी तर आपण मराठीत बोलतोच की, फक्त नाम म्हणून. चेकअप, ब्रेकअप, बॅकअप, ‘गाडीला पिकअप नाही’. इंग्रजीत क्रियापद करायचं म्हटलं की अडतं. माझा रूममेट परवा म्हणाला ‘वी ब्रेकअप्ड’. रडावं की हसावं कळेना. वी ब्रोक अप रे बाबा, भूतकाळ शेपटाला नाही लागत, पुढच्याला लागतो.

सोलापुरी_चादर

बाप रे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. यादी डिलीट केली. वहीत माझ्या दिवसाची वाक्यं लिहायला घेतली, तपासा जरा. ‘वी रॅन आउट ऑफ गॅस सो आय कॉल्ड अप द एजन्सी.’ ‘माय ब्रदर इज लेझी, आय कॅनॉट पुट अप हिम.’

रिटायर्ड_मास्तर

पहिलं छान. दुसऱ्यात ‘विथ’ राहिला, पुट अप विथ हिम. ‘पुट हिम अप’ असं म्हणालात तर त्याला घरी मुक्कामाला ठेवून घेतलं असा अर्थ होईल.

सोलापुरी_चादर

तो आधीच मुक्कामाला आहे मास्तर, तीच तर तक्रार आहे 😅

बाकी आज सकाळी प्रयोग केला. दूध नासलं, मी स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हटलं ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ!’ आई हॉलमधून म्हणाली, मग उठून चालू कर की.