ओलीस धरणे, ओलीस ठेवणे आणि तेहरानचे ४४४ दिवस

प्रश्न : तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीच्या प्रकरणावर लिहिते आहे. एकाच लेखात ‘ओलीस धरले’ आणि ‘ओलीस ठेवले’ असं दोन्ही आलंय. दोन्ही चालतं की काही फरक आहे? आणि सरळ ‘बंदी’ किंवा ‘अपहृत’ म्हटलं तर?

उत्तर : वर्तमानपत्रांत दोन्ही सर्रास एकाच अर्थी येतं, त्यामुळे चूक कोणी काढणार नाही. पण तुमच्या विषयात हा फरक पाळाच, कारण सगळं प्रकरण त्याच फरकावर उभं आहे.

आधी ‘ओलीस’. जुन्या मराठीत ‘ओल’ म्हणजे शब्द पाळला जाईल याची हमी म्हणून दुसऱ्याच्या ताब्यात दिलेला माणूस. त्याचं ओलीस, म्हणजे ओल म्हणून. हा ओलीस बळाने पकडलेला नसे, करार करून दिलेला असे. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी कोंडली आणि वडगावला तह झाला, तेव्हा फार्मर आणि स्टुअर्ट हे दोन इंग्रज मराठ्यांकडे ओलीस राहिले. तिथे ‘दिले’, ‘राहिले’ ही क्रियापदं शोभतात. फारसीतही तसंच आहे. तेहरानमध्ये अडकवलेल्या अमेरिकनांना इराणी लोक ‘गेरोगान’ म्हणत, आणि त्यातला ‘गेरो’ म्हणजे तारण. दागिने गिरवी ठेवतात त्यातली ‘गिरवी’ त्याच घरातली.

आता तेहरान. ऑक्टोबर १९७९ मध्ये इराणच्या पदच्युत शहांना (राजांना) उपचारासाठी अमेरिकेत घेतलं गेलं आणि ४ नोव्हेंबरला इराणी विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलातीचं आवार ताब्यात घेतलं. एकूण ६६ अमेरिकन अडकले. त्यातले ६३ वकिलातीत होते. प्रभारी राजदूत ब्रूस लेंगन आणि त्यांचे दोन सहकारी त्या सकाळी इराणच्या परराष्ट्र खात्यात गेले होते, ते तिथेच अडकले. (‘राजदूताला ओलीस धरलं’ असं लिहू नका, त्या वेळी तेहरानमध्ये अमेरिकेचा राजदूत नव्हताच.) त्या दिवसापुरतं बोलायचं तर विद्यार्थ्यांनी त्यांना ओलीस धरलं. सरकारने ते करवलं असं म्हणता येत नव्हतं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. १७ नोव्हेंबरला इराणच्या क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनींनी जाहीर केलं की शहांना परत पाठवेपर्यंत वकिलात आणि माणसं आहेत तशीच राहतील. इथून पुढे इराणच्या शासनाने त्यांना ओलीस ठेवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २४ मे १९८० च्या निकालात नेमके हेच दोन टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात घुसणाऱ्यांची कृती इराणच्या नावावर टाकता येत नाही, पण वकिलातीचं रक्षण न करणं हा इराणचा दोष आहे. दुसऱ्या टप्प्यात ती कृती शासनाने आपलीशी केली आणि ती इराण देशाचीच कृती झाली. न्यायाधीशांना जे परिच्छेदांमागून परिच्छेद लिहून मांडावं लागलं, ते मराठीत धरणे आणि ठेवणे या दोन क्रियापदांत मावतं. म्हणून म्हणतो, लेखात ती मिसळू नका.

‘बंदी’ आणि ‘अपहृत’ इथे अपुरे पडतात. बंद्याला त्याच्या स्वतःच्या कथित गुन्ह्यासाठी डांबतात. ओलिसाचं तसं नसतं, त्याला अडकवून तिसऱ्याच कोणाचा तरी हात पिरगळायचा असतो. डिसेंबर १९७९ मध्ये, म्हणजे हे प्रकरण चालू असतानाच, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ओलीस ठेवण्याविरुद्धचा करार संमत केला. त्यातल्या व्याख्येचा गाभाही तिसऱ्या पक्षावरची सक्ती हाच आहे. इराणी बाजू वकिलातीला ‘लाने-ये-जासूसी’, हेरांचं घरटं, म्हणत होती. यंत्रात बारीक पट्ट्या केलेले वकिलातीचे कागद त्यांनी पट्टीला पट्टी जोडून पुन्हा वाचण्याजोगे केले आणि त्यांचे खंडच्या खंड छापले. पण हेर म्हणून धरलं असतं तर खटला चालायला हवा होता. सुटकेची अट होती ‘शहांना द्या’. ही अट घातल्याक्षणी ती माणसं ओलीस झाली. यजमान देशाला एखादा परदेशी राजनैतिक अधिकारी हेर वाटला तर त्याला अवांछित ठरवून घालवून देता येतं, संबंधही तोडता येतात. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने ते हत्यार दिलेलंच आहे.

पुरवणी प्रश्न : मग ‘वेठीस धरले’ चालेल का? संपाच्या बातम्यांत दोन्ही दिसतात.

उत्तर : नाही चालणार. घडण एकच आहे, ओल-ओलीस तसं वेठ-वेठीस, पण वेठ म्हणजे फुकट राबवून घेणं. संपात प्रवाशांची अडवणूक होते, तिथे आज ‘वेठीस धरणे’ रुळलंय आणि ते असू द्यावं. जिथे माणसाच्या जिवाला धोका आहे आणि मागणी दुसऱ्याकडे आहे, तिथे ओलीसच. शिवाय ओलीस आता स्वतंत्र नाम झालंय. ‘ओलिसांची सुटका’ म्हणतो आपण (ल ऱ्हस्व लिहा), ‘वेठीसांची सुटका’ कोणी म्हणत नाही.

आणखी एक शंका : शेवटी इराणला पैसे मिळाले ना? मग ती खंडणीच.

उत्तर : खंडणी म्हणजे दुसऱ्याचा पैसा उकळणं. अमेरिकेने नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणची स्वतःची मालमत्ता गोठवली होती. अल्जीरियाच्या मध्यस्थीने १९ जानेवारी १९८१ ला ठरलं त्यानुसार त्यातले सुमारे ८ अब्ज डॉलर मोकळे झाले, आणि त्यातलाही मोठा वाटा बँकांची कर्जं फेडण्यात गेला. ‘गोठवलेली मालमत्ता सोडवली’ हेच बरोबर. दुसऱ्या दिवशी, अमेरिकेचे नवे अध्यक्ष रेगन यांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांत, उरलेले ५२ जण सुटले. अमेरिकेची लष्करी सुटका-मोहीम एप्रिल १९८० मध्येच इराणमधल्या तबसच्या वाळवंटात फसली होती, त्यात ८ अमेरिकन सैनिक गेले आणि परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला.

संबंधांबद्दल लिहिताना ‘बिघडले’ हा शब्द फार मऊ आहे. ते ७ एप्रिल १९८० ला तोडले गेले आणि अजून जोडलेले नाहीत. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडची वकिलात पाहत आली आहे आणि वॉशिंग्टनमध्ये इराणचं पाकिस्तानची. एकमेकांवरचे दावे ऐकायला हेगमध्ये जो लवाद बसवला, त्याचं काम चार दशकांनंतरही चालू होतं. तेव्हा ‘संबंध तोडले’ असंच लिहा.