कायद्याच्या वर्गातील सोबती तीस वर्षांनी कुठे पोहोचले?

धागाकर्ता (नागपूर):
मी 1990 च्या दशकाच्या मध्याला नागपुरातून एलएल.बी. झालो. येत्या हिवाळ्यात आमची तुकडी एकत्र जमणार असून प्रत्येकाच्या वाटचालीची नोंद असलेली एक स्मरणिका काढायचे ठरले आहे. माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यातून जे चित्र दिसते आहे, ते मला अस्वस्थ करते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आज कोर्टात उभे राहत नाहीत. कोणी बँकेच्या विधी विभागात आहे, कोणी विमा कंपनीत, कोणी मंत्रालयात, तर एक जण काटोलकडे संत्र्याची बाग सांभाळतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नियमित काम करणारे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

आपल्या शहराने दोन सरन्यायाधीश जवळून पाहिले. शरद बोबडे यांनी 1978 मध्ये नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि 2019 मध्ये ते त्या पदावर पोहोचले. 1985 मध्ये वकिलीस प्रारंभ केलेले आणि पुढे नागपूर खंडपीठात काम केलेले भूषण गवई 2025 मध्ये. त्यांचा अभिमान आहेच, परंतु स्मरणिका सर्वांची असायला हवी. आमच्या वर्गात गुणांनी पुढे असलेले आणि आज वकिलीत नाव असलेले, या दोन याद्या फारशा जुळत नाहीत. माझा कयास असा की सनदेनंतरची पहिली चार-पाच वर्षे घरच्या आधारावर ज्याला काढता आली, तोच या व्यवसायात टिकला. इतर तुकड्यांतील मंडळींचा अनुभव काय आहे?

निवृत्त न्यायाधीश (यवतमाळ):
आपला कयास बरोबर आहे आणि मी स्वतः त्याचे उदाहरण आहे. माझे वडील शेतमजूर होते. सीनियरांकडे मला काम भरपूर मिळे. मोबदला म्हणून मात्र सणासुदीला काही रक्कम हाती पडे. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे थकू लागले, तेव्हा मी लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली व जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, झालो. न्यायदानाची ओढ पुढे निर्माण झाली. सुरुवातीला मला नियमित पगार हवा होता, हे स्पष्ट सांगतो. त्यानंतर दर तीन वर्षांनी बदली, मुलांच्या शाळा बदलत राहिल्या, आणि जुन्या मित्रांशी मोकळेपणाने बोलणेही जपूनच करावे लागले, कारण उद्या त्यांच्यापैकीच कोणी माझ्यापुढे युक्तिवादाला उभा राहणार असे. वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झालो, तोवर वर्गमित्रांची मुले वकील झाली होती.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायाधीशाला कोर्टाच्या कामकाजाची जाण हवी, हे मला मान्य आहे. पण ती तीन वर्षे माझ्यासारख्या घरातील मुलाने कशाच्या बळावर काढावीत, याचे उत्तर त्या अटीसोबत मिळायला हवे होते.

एक वकीलताई (गोंदिया):
घरच्या आधाराचा विचार मुलींच्या बाबतीत वेगळा करावा लागतो, दादा. माझ्या माहेरी आर्थिक अडचण नव्हती, तरीही सनद मिळाल्यावर वर्षभरात लग्न झाले आणि ती सनद कपाटात गेली. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा 2006 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, त्यानंतर ओळखीच्या बायका माझ्याकडे सल्ला विचारायला येऊ लागल्या. एक जण प्लास्टिकच्या पिशवीत लग्नपत्रिका, रेशनकार्ड आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या घेऊन आली होती. पुरुष वकिलासमोर तिला मारहाणीविषयी बोलता आले नव्हते. तिचा अर्ज मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला आणि तिच्यासाठीच पुन्हा कोट शिवून घेतला. वयाने माझ्याहून लहान असलेल्या वकिलांकडून मी उलटतपासणी शिकले.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे की स्मरणिकेत वर्गभगिनींच्या नावापुढे परस्पर ‘गृहिणी’ असे लिहू नका. पतीला किंवा भावाला विचारून माहिती भरू नका. थेट त्यांना फोन करा. सनद का थांबली, हे त्यांना सांगायचे असेल तर त्यासाठी जागा ठेवा.

विधी अधिकारी (धरमपेठ):
मी बँकेत गेलो तो स्वतःच्या इच्छेने. पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा (वकिलांच्या नियामक संस्थेचा) नियम असल्याने सनद स्थगित करावी लागली. मात्र कायदा सुटला नाही. बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा सरफेसी कायदा 2002 मध्ये आला, तेव्हापासून साठ दिवसांच्या मागणी नोटिसा, तारण मालमत्तेचा ताबा आणि कर्जवसुली न्यायाधिकरणातील प्रकरणे हेच माझे रोजचे काम आहे, आणि कित्येकदा कर्जदाराच्या बाजूने माझाच वर्गमित्र उभा असतो. आम्हाला ‘वकिली सोडलेले’ या सदरात टाकू नये.

फौजदारी वकील (सिव्हिल लाइन्स):
मी टिकलो, कारण नागपूरच्या महाल भागात वडिलांचे घर होते आणि दोन वेळच्या जेवणाची चिंता नव्हती. माझ्याहून हुशार मित्र सुरुवातीच्या वर्षांतच वकिली सोडून गेला. सीनियरांची बॅग घेऊन व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहायची, तारीख घ्यायची, रोजनामा (कोर्टाच्या दैनंदिन कामकाजाची नोंद) पाहून डायरीत नोंद करायची; त्या वर्षांत आम्ही दोघे हेच करत होतो, आणि दोघांनाही सारखेच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नव्हते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. माझ्याकडील दोन्ही ज्युनिअरांना मी महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम देतो. त्यांना माझा उपयोग आहे तसा मलाही त्यांचा आहे: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे 302 हे कलम 103 झाले, तेव्हा नवे क्रमांक माझ्याआधी त्यांच्या तोंडी बसले.

धागाकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. माहितीच्या अर्जात मी ‘सध्याचे पद’ हा रकाना पहिला ठेवला होता, तो आता शेवटी घेतो. सनदेनंतरची पहिली पाच वर्षे कुठे, कोणाच्या आधाराने आणि किती मिळकतीवर गेली, हा प्रश्न सर्वांत वर राहील. वर्गभगिनींना मी स्वतः फोन करतो. जे सोबती आज हयात नाहीत, त्यांच्याविषयी कोणाला विचारावे, हे कोणी सुचवल्यास बरे होईल.

एक वकीलताई (गोंदिया):
घरच्यांना विचाराच, पण त्यांच्यासोबत ज्युनिअरशिप केलेल्या सहकाऱ्यालाही विचारा. पहिल्या पाच वर्षांचे बरेच काही घरी सांगितलेलेच नसते.