कवटीवरून पुरुष की बाई : ते ९२ टक्के कुणाचे?

हाडवैरी
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'कवटी मिळाली की पुरुष की बाई ९२ टक्के खात्रीने सांगता येतं, पोलीस उगाच डीएनएची वाट बघतात.' डोकंच फिरलं. ते ९२ मानवी हाडांचे अभ्यासक क्रॉगमन यांचे, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या हॅमन-टॉड संग्रहातल्या ७५० सांगाड्यांवरचे. त्या संग्रहात पुरुषांचाच भरणा! नदीपात्रात जबडा नसलेली फुटकी कवटी सापडते, तेव्हा कसले ९२?

तोंडीपरीक्षा
मीच लिहिलं होतं. बेपत्तांची यादी निम्मी करायला कवटी पुरते. मास्टॉइड (कानामागचा हाडाचा उंचवटा) अंगठ्याएवढा, डोळ्याच्या खोबणीची वरची कड बोथट, ग्लॅबेला (भुवयांमधला उंचवटा) पुढे आलेला. याला बाई म्हणणार का?

हाडवैरी
वॉकरच्या मोजपट्टीत प्रत्येक लक्षणाला १ (बायकी) ते ५ (पुरुषी) गुण देतात, त्यात सगळीकडे ३ आला की काय म्हणणार? आमच्या विभागात अशी एक कवटी होती. खोबणीच्या कडेला नख लावलं तर धार जाणवायची, मास्टॉइड मात्र दणकट. सर 'पुरुष' म्हणून मोकळे. मागाहून श्रोणी (कमरेची हाडं) आली, तिच्यातली मागची खाच, म्हणजे सायटिक नॉच, बायकांसारखी चांगली पसरट. बाईच! उतारवयात बायकांच्या कवट्याही राकट दिसतात.

गावठी
पण शिकायला कवट्या उरल्यात कुठे? आम्ही मेडिकलला सीनियरकडून बोनसेट, म्हणजे खऱ्या हाडांचा संच, घ्यायचो. आताची पोरं प्लास्टिकवर शिकतात, सगळे मास्टॉइड एकाच साच्यातले.

नियमबाई
तुमचे सेट कुठून यायचे? कोलकात्याच्या व्यापाऱ्यांकडून, कुणाच्या तरी कबरी उकरून. १९८५ ला मानवी हाडांवर निर्यातबंदी उगाच नाही आली. खाटेखाली माणूस ठेवून झोपायचात तुम्ही.

गावठी
मला नीती शिकवू नका. माझ्या आजोबांनी देहदान केलंय. त्यांची हाडं वय-लिंग नोंदवून जपली का कुणी? विचारलं तर कारकून म्हणे, रजिस्टर सापडत नाही!

तोंडीपरीक्षा
धागा कवटीचा आहे हो.

नियमबाई
मग कवटीचंच बोलतेय. बोनसेटमधली कवटी कुणाची, हे कुणाला ठाऊक होतं? सर म्हणाले पुरुष, म्हणून पुरुष. ताडून बघायला काही नाही, आणि त्यावर तुमच्या पिढ्या तयार झाल्या.

गावठी
...हे बोललात बरोबर. सूर तेवढा बदला.

तोंडीपरीक्षा
बरं, श्रोणी असेल तर आधी श्रोणी. स्प्रॅडली-जँट्झ या संशोधकांच्या २०११ च्या कामात हातापायांची लांब हाडंही लिंग ओळखण्यात कवटीला भारी पडली, तेही घ्या पदरात. पण कुत्र्यांनी धड नेलं आणि डोकंच उरलं, तर हात जोडून बसायचं?

हाडवैरी
'बहुधा पुरुष' लिहायचं. कोर्टात वकील सोलून काढेल म्हणून तुम्ही लोक तो 'बहुधा' गिळता, एवढं कबूल करा. मग तुमच्या ९२ ला माझा नमस्कार.