गडद निळी शाई कोणती घ्यावी? शिन-काई, त्सुकी-यो, ऑक्सफर्ड ब्लू की पेलिकन?

अंबाजोगाईच्या_मॅडम
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. टाचणवही, पालकांना चिठ्ठ्या, घरी डायरी, सगळं फाउंटन पेननेच लिहिते. आजवर कॅम्लिनची रॉयल ब्लू वापरली, पण आता तो चटक निळा रंग नको वाटतो. गडद निळी हवी, पण पान काळं दिसायला नको. नेटवर पायलटच्या शिन-काई आणि त्सुकी-यो, डायमाइनची ऑक्सफर्ड ब्लू, पार्कर क्विंकची ब्लू-ब्लॅक, पेलिकनची ब्लू-ब्लॅक अशा शाया बघितल्या. मोबाईलवर पाचही सारख्याच! पेन दोन आहेत: पायलटचा मेट्रोपॉलिटन, फाइन निब, आणि वडिलांचा एबोनाइटचा, ड्रॉपरने शाई भरायचा. तो भसाभस लिहितो. शाळेचा कागद कसा असतो ते वेगळं सांगायला नको. काय घेऊ?

औरंगपुऱ्यातला
ताई, या पाचही बाटल्या माझ्याकडे आहेत. तुमचा धागा वाचून लगेच टाक काढला आणि एकाच कागदावर पाचही शायांनी एकच ओळ लिहिली. टाक घेतला कारण पेन बदलला की रंगाचा अंदाजच चुकतो.

ओल्या असताना पाचही बहिणी-बहिणी. वाळल्यावर मात्र जिचा तिचा रस्ता. त्सुकी-यो सरळ मोरपंखीकडे वळते. नाव जरी 'चांदणी रात्र' असलं तरी निळ्यात हिरवट झाक आहे. शिन-काई राखाडीकडे जाते, गंभीर, थोडी उदास म्हणा हवं तर. क्विंक सुरुवातीला चांगली गडद दिसते, पण वाळली की फिकी पडून हिरवट-करडी होते. निव्वळ निळी आणि तरीही गडद अशी एकच उरते, डायमाइनची ऑक्सफर्ड ब्लू. जाड रेघ असेल तर अक्षराच्या कडेला किंचित लालसर चकाकी येते. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक या चौघींपेक्षा वेगळ्या जातीची आहे, तिच्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहीलच.

डायरीसाठी माझं मत ऑक्सफर्ड ब्लूला. डोळे झाकून.

त्याच कंपनीची मॅजेस्टिक ब्लू मात्र घेऊ नका. फोटोत तिची लाल चकाकी बघून भुरळ पडते, पण ती चकाकी म्हणजे कागदात न मुरता वर साचलेला रंग. घामेजला हात लागला की पुसतो. मे महिन्यात आपल्याकडे हात कोरडा कधी असतो?

नांदेडी_पेनवाला
मॅडम, कामून एवढ्या महागाच्या नादी लागता? कॅम्लिनचीच रॉयल ब्लू घ्या, त्यात त्याच कंपनीची काळी थेंबाथेंबानं टाका. लई भारी गडद निळी होती. आमच्याकडं वर्गातली पोरंबी असंच करतात.

औरंगपुऱ्यातला
नांदेडी, मिसळायला हरकत नाही, पण सरळ पेनात नको. आधी छोट्या बाटलीत करा आणि दोन-चार दिवस झाकून ठेवा. तळाला गाळ बसला नाही तरच भरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एकमेकींत घालायच्या नाहीत. पेलिकनची ब्लू-ब्लॅक तर कशातच घालू नका.

आणि मिसळलं तरी रॉयल ब्लूची खोड जात नाही. ती बहुतेक धुतली जाणारी शाई असते, उन्हात उडते. खात्री करायची तर एक ओळ लिहा, अर्धी पुठ्ठ्याने झाका आणि कागद खिडकीत ठेवा. आपल्या उन्हाला फार वेळ लागत नाही.

परभणीचा_मोडीवाचक
मॅडम, तुम्ही टाचणवही आणि डायरीचं लिहिलंत. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची कायमची नोंदवही, भरायची वेळ येते का? येत असेल तर रंगाच्या आधी टिकाऊपणा बघा. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी कशा शोधाव्या लागल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मोडीतली, उर्दूतली कागदपत्रं, शाळांची जुनी रजिस्टरं. जुनी काजळाची शाई अजून काळीभोर असते, कारण काजळ म्हणजे कार्बन, त्याला ऊन काही करत नाही. फिकी झालेली नोंद भिंगाखाली धरून वाचताना डोळ्यांचं काय होतं ते आम्हाला विचारा.

काजळाची शाई फाउंटन पेनात चालत नाही, फीड (निबेखालचा, शाई पुरवणारा भाग) चोंदतो. सेलरची सोऊबोकू ही निळसर-काळी पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई पेनासाठीच बनवलेली आहे आणि पाण्याने हलत नाही, पण रोज न लिहिणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मधला मार्ग म्हणजे लोहयुक्त शाई. मायफळातलं टॅनिन आणि हिराकस (लोहाचा क्षार), आजोबांच्या काळचीच कृती. लिहिताना दिसतो तो वरून घातलेला निळा रंग. मग हवेतल्या ऑक्सिजनने कागदावरच्या लोहाचं संयुग बदलतं, काळपट होतं आणि धाग्यांत पक्कं बसतं. पाणी सांडलं तर निळा रंग वाहून जाईल, पण अक्षर वाचता येईल. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक या जातीची, सौम्य. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक तिच्याहून जास्त काळवंडते. डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक तर ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यू आणि लग्नाच्या नोंदींसाठीच बनवलेली. ती जवळजवळ काळीच होते, म्हणजे तुमच्या डायरीला नको. लॅमीच्या बाटलीवर ब्लू-ब्लॅक वाचून तीही तशीच असेल असं समजू नका, आताच्या बाटलीत लोह नसतं.

अंबाजोगाईच्या_मॅडम
सर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांकडे असतं, पण नवीन दाखल मुलांच्या नोंदी बऱ्याचदा माझ्याच हातून होतात. मग पेलिकन घ्यायचीच. पण वडिलांच्या पेनाला ती त्रास देईल का? आम्लयुक्त असते असं वाचलं.

परभणीचा_मोडीवाचक
एबोनाइटला काही होत नाही. निब सोन्याची असेल तर प्रश्नच नाही. स्टीलची असेल तर पेन शाई भरून तसाच आठवडेच्या आठवडे पडू देऊ नका. सुट्टी लागायच्या आधी रिकामा करून धुवून ठेवा. शाई वाळून बसली की लोहाचा थर नुसत्या पाण्याने निघत नाही.

आणि तुमचा पेन भसाभस लिहितो म्हणालात, त्याला पेलिकनच बरी. ४००१ कोरडी चालते, म्हणजे पेनातून कमी उतरते, त्यामुळे शाळेच्या कागदावर अक्षराला मुळं फुटत नाहीत आणि मागच्या पानावर फारसं उमटत नाही. तोच पेन शिन-काईने भरून बघा, पायलटच्या या शाया ओल्या, टाचणवहीचं पान दोन्ही बाजूंनी वापरता येणार नाही.

धाराशिवकर_काका
धुण्याचा विषय निघाला म्हणून. बोअरच्या पाण्याने पेन धुऊ नका हो. आपल्याकडचं पाणी जड, वाळलं की फीडच्या खाचांत पांढरं क्षार बसतं. आधी साध्या पाण्याने धुवा, शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते त्याहून उत्तम. शाई फार घट्ट झाली तरी त्याच पाण्याचे एक-दोन थेंब.

ड्रॉपरचा पेन अर्ध्याखाली रिकामा झाला की लगेच भरा. आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि पेन शाई ओकतो. उन्हाळ्यात खिशातसुद्धा ओकतो. आमच्या पांढऱ्या शर्टांचे खिसे साक्षीला आहेत.

नांदेडी_पेनवाला
काका, म्हणूनच मी खिशात बॉलपेन ठेवतो 😄

अंबाजोगाईच्या_मॅडम
ठरलं मग. वडिलांच्या पेनात पेलिकन, रजिस्टर आणि टाचणवहीसाठी. मेट्रोपॉलिटनमध्ये ऑक्सफर्ड ब्लू, फक्त डायरीला. डायमाइनची ३० मिलीची प्लॅस्टिकची बाटली मिळते असं दिसतंय, ८० ची काचेची एवढ्यात नको. पण ती त्सुकी-यो... मोरपंखी म्हणालात तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ५० मिलीची पूर्ण बाटली घ्यायची हिंमत नाही. फाइन निबमध्ये तो हिरवेपणा दिसतो तरी का?

औरंगपुऱ्यातला
फाइनमध्ये कमी दिसतो, ताई. रेघ बारीक पडली की नुसती गडद निळीच वाटते; मोरपंखी खुलायला मीडियम किंवा ब्रॉड निब लागते. वडिलांच्या पेनात जास्त खुलेल, पण मग कागद चांगला हवा.

लातूरची_लेखणी
मॅडम, माझ्याकडे त्सुकी-यो आहे. शनिवारी दुपारनंतर लातूरला येणं झालं तर गंजगोलाईत भेटू. औषधाची छोटी काचेची बाटली उकळून, पूर्ण वाळवून आणा, त्यात पाच मिली काढून देते. येणं जमत नसेल तर अंबाजोगाईला जाणाऱ्या आमच्या भावजींकडे पाठवते, पण त्यांना बाटली उभी धरायला सांगावं लागेल.

अंबाजोगाईच्या_मॅडम
अगं ताई, शनिवारी शाळा सकाळची आहे, मीच येते. सोबत तुला पेलिकनची थोडी आणू का? तोवर बाटली आलेली असेल.