संकट टळल्यावर देवासमोर थांबता का? तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची
सकाळी टीव्हीवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी दाखवत होते आणि २०१९ चा ऑगस्ट जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आम्ही गावभागात. तळमजला बुडालेला, सासूबाईंना कंबरेमुळे उठता येत नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मला तरी त्यात गणपतीच दिसला.
पाणी उतरल्यावर गाळ, पंचनामे, रांगा. सासूबाईच म्हणाल्या, "घर मागनं धू, आधी त्याला सांगून ये." गाळाच्या पायांनी गेले. मागितलं काहीच नाही, नुसती बसले. आता दर पावसाळ्यानंतर घरातले सगळे जाऊन बसतो. तुमच्याकडे आहे का असं काही?

माणदेशी
नवस फेडणं वेगळं आणि हे वेगळं. नवसात बोलल्याप्रमाणे द्यायचं असतं. लेक सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती. नवस बोलायचंसुद्धा सुचलं नाही तेव्हा. घरी आणली आणि आधी म्हसवडला सिद्धनाथापुढं ठेवली. बाकीचं रात्री लिहिते, भाकरी तव्यावर आहे.

पाटण_खोरे
आमच्या आजीचं सांगतो. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटेची वेळ. म्हैस हंबरायला लागली म्हणून आजी कडेवर बाबांना घेऊन गोठ्याकडं गेली आणि मागं घराची भिंत बसली. पुढं दर वर्षी त्या पहाटे उठून समई लावायची, ती विझेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. आजी गेली, आता आई लावते. आम्ही भावंडं पुण्यात असलो तरी त्या वेळेला उठतो.

सांगलीची_सून
काटा आला अंगावर. @कृष्णाकाठची सासूबाई कशा आहेत आता?

कृष्णाकाठची
एकदम ठणठणीत. काल माझ्या भडंगात लसूण कमी पडला म्हणून सांगत होत्या 😊

मिरज_पूर्व
माझी शेवटची केमो झाली त्या दिवशी घरी न जाता गाडी हरिपूरला घ्यायला लावली. संगमेश्वरापुढं हात जोडले तर तोंडात पहिलं नाव आलं वॉर्डातल्या सिस्टरचं. माझी शीर कुणालाच सापडायची नाही, तिला सापडायची. देवाला तिच्यासाठीच सांगितलं बराच वेळ. डॉक्टर-सिस्टर आणि देव यांची वाटणी मला करता येत नाही, करायचीही नाही. तपासणी चांगली आली की अजून संगमावर जाते.

हळदवाला
हरिपूर म्हटल्यावर राहवलं नाही. २००५ च्या पुरात आमची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, पाण्यात गेली. वडील खचले होते. एका व्यापाऱ्यानं उधारीवर माल दिला, त्यावर परत उभे राहिलो. त्याच्या दुकानात वडील दर दसऱ्याला आपट्याचं पान घेऊन जातात, मग देवळात.

सांगलीची_सून
पेवं बघायला मिळतात का अजून? मुलाला दाखवायची आहेत.

हळदवाला
थोडी आहेत. या, दाखवतो.

वाईकर
विषय बदलतोय, माफी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. तिला सज्जनगडावर समर्थांपुढं बसायचंय. गाडी वरपर्यंत जाते ना?

पाटण_खोरे
वाहनतळापर्यंत जाते, पुढं पायऱ्या आहेतच. सकाळच्या गारव्यात चढवा, टप्प्याटप्प्यानं. दुपारचा प्रसाद घेऊनच उतरा.

माणदेशी
आणि वारा लई असतो वर, आईला शाल घ्या.